ब्रिटिश विनोदी मालिकांचे अमेरिकी रूपांतर

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेचे हक्क घेऊन तिची पात्रे, स्थळ व बोली बदलून अमेरिकेत तिची नव्याने निर्मिती करण्याची प्रथा. मूळ मालिका तशीच दाखवणे यात मोडत नाही.

प्रथेचा आरंभ सामान्यतः १९७१ मानतात. बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून नॉर्मन लिअर यांनी केलेली ‘ऑल इन द फॅमिली’ १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. तत्पूर्वी तिचे दोन प्रायोगिक (नमुन्याचे) भाग एबीसी या दुसऱ्या वाहिनीने नाकारले होते. ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ची अमेरिकी आवृत्ती एनबीसीने १९६४–६५ मध्येच चालवली होती, म्हणून आरंभ तेथवर मागे नेता येतो. परंतु साप्ताहिक घडामोडींवरील त्या कार्यक्रमात टिकून राहणारी पात्रे वा कथाविश्व नव्हते. उचलला होता तो केवळ साचा. ‘स्टेप्टो अँड सन’वर १९६५ च्या सुमारास केलेला अमेरिकी प्रायोगिक भाग तर प्रसारितच झाला नाही. त्यामुळे १९७१ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

मूळ मालिका बदलावी का लागते, याचे ‘अमेरिकी प्रेक्षकाला उपरोध कळत नाही’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. बदलतो तो मुख्यतः सामाजिक संदर्भ. ‘स्टेप्टो’मधील बापलेक लंडनचे भंगारवाले, घोडागाडीवर फिरणारे, मुलाला वरच्या वर्गात शिरायचे असते आणि बाप त्याला सुटू देत नाही. ‘सॅनफर्ड अँड सन’मध्ये (१९७२–७७) ते लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील कृष्णवर्णीय बापलेक झाले, घोड्याजागी जुना ट्रक आला. वर्गाची जागा वंशाने घेतली. मुलाची कोंडी मात्र सैल झाली. बापाचे हृदयविकाराचे नाटक हशा मिळवू लागले.

जेथे मूळ संदर्भाला पर्यायच सापडला नाही तेथे रूपांतर फसले. ‘फॉल्टी टॉवर्स’वरील ‘अमँडाज’ (१९८३) या मालिकेत बायकोसह हॉटेल चालवणारा बॅसिल हे मुख्य पात्रच गाळून हॉटेल एका स्त्रीच्या हाती दिले. नवरा-बायकोची धुसफूस गेली, मग उरले फक्त हॉटेल.

भागसंख्येचा परिणामही मोठा आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’चे भाग अवघे १२. ‘द ऑफिस’चे मूळ भाग १४, अमेरिकी आवृत्तीचे (२००५–१३) २०१. स्लाउ गावची कागद कंपनी पेन्सिल्व्हेनियातील स्क्रँटनला गेली. पहिला भाग जवळजवळ शब्दशः तोच, जेलीत घातलेल्या स्टेपलरसकट. पुढे मात्र साहेब मवाळ करावा लागला. असह्य माणूस १४ भाग चालतो, २०१ चालत नाही.

‘माइंड युवर लँग्वेज’वरील ‘व्हॉट अ कंट्री!’ (१९८६–८७) एका हंगामात आटोपली. त्याच मुळावरची हिंदी ‘जबान संभाल के’ १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची आहे ती हीच.