सहा दिवस, पाच सामने, दोन पिंपं पाणी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत भारी संघ कोणता, हा वाद तिकडे दर हिवाळ्यात रंगतो. कुणी अलाबामाचं नाव घेतं, कुणी नेब्रास्काचं. मग एखादा जुना माणूस मध्येच म्हणतो, "आणि १८९९ चं सवानी?" नव्या मंडळींना हे नाव ठाऊक नसतं. मग तो सांगतो: सहा दिवसांत पाच सामने, पाचही बाहेरगावी, पाचही जिंकले, आणि समोरच्याला एक गुणसुद्धा दिला नाही. ऐकणाऱ्याला थाप वाटते. थाप नाही. पण सांगताना या गोष्टीतला पैशांचा भाग बहुतेक वेळा गळून पडतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

सवानी हे टेनेसी राज्यात कंबरलंड पठारावर वसलेलं गाव. तिथल्या कॉलेजचं अधिकृत नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ', पण सगळे त्याला गावाच्याच नावाने ओळखतात. एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या बिशपांनी १८५७ मध्ये ते स्थापलं. यादवी युद्धात सगळं धुळीला मिळालं आणि प्रत्यक्ष वर्ग भरायला १८६८ उजाडलं. खालच्या कावन गावातून वर येणारी रेल्वेची शाखा इतक्या चढाची होती की लोक तिला 'डोंगरी बकरी' म्हणत. खंडाळ्याच्या घाटातून गाडी चढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं वर्णन नको. विद्यार्थी मोजके. मात्र वैद्यकीय, कायदा आणि धर्मशास्त्राचे विभागही तिथेच होते आणि तिथली थोराड मुलंही संघातून खेळू शकत.

आता खेळाविषयी. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, हा प्रकार. त्यातही १८९९ चा खेळ आजच्यापेक्षा फार वेगळा होता. चेंडू पुढे फेकून पास देणं १९०६ पर्यंत नियमातच बसत नव्हतं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे पाच गुण, त्यानंतरच्या किकचा एक. डाव पस्तीस मिनिटांचे, दोन. जे अकरा आक्रमणाला तेच अकरा बचावाला, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नसे. म्हणजे दुखलं तरी उभं राहायचं. लहान कॉलेजला मोठ्यांशी टक्कर देता यायची ती याच नियमांमुळे: अकरा चिवट पोरं जमली की काम भागे, मागे पन्नास जणांची फौज लागत नसे.

खेळ चालवत ते विद्यार्थीच. प्रशिक्षक पगारी असे (सवानीचा हर्मन सूटर, मूळचा प्रिन्स्टनचा खेळाडू, सगळे त्याला बिली म्हणत), पण सामने ठरवणं, प्रवास, हॉटेल, हिशेब हे सगळं 'मॅनेजर' नावाच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर. त्या वर्षीचा मॅनेजर होता ल्यूक ली. वय वीस.

लीपुढची अडचण सरळ होती. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट हे सवानीचं जुनं वैरी, आणि त्यांच्याशी होणारा सामना म्हणजे वर्षाच्या कमाईचा दिवस. पण तिकिटांच्या गल्ल्याच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि १८९९ चा सामना रद्द झाला. तो खड्डा भरायचा कसा? लीने टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपीतल्या संघांशी सामने ठरवले, तेही एकाला एक चिकटून. एकदा गाडीत बसलोच आहोत तर वाटेत जितके सामने पदरात पडतील तितके पाडून घ्यायचे. मुक्काम वाढला की हॉटेलचं बिल वाढतं, आणि रोज सामना असेल तर रोज गल्ला. विक्रम करायला कुणीच निघालं नव्हतं. वीस वर्षांच्या मुलाने जमाखर्चाची वही समोर ठेवून आखलेला हा दौरा होता.

सुमारे अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरचा फेरा. विसेक खेळाडू, प्रशिक्षक, मॅनेजर, आणि कॅल बरोज हा कृष्णवर्णीय ट्रेनर, ज्याच्या हातांनी रोज रात्री या पोरांचं अंग चोळून त्यांना पुन्हा उभं करायचं होतं. मैदानावर उतरणारे सगळे गोरे. त्या काळच्या दक्षिणेत दुसरं काही शक्यच नव्हतं. शयनयानात सवानीच्या झऱ्याचं पाणी भरलेली दोन पिंपंही चढवली. परगावच्या पाण्याने पोटं बिघडली तर पाच सामने कसले, एकही होणार नाही, हा हिशेब. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना घरातली मोठी माणसं "बाहेरचं पाणी पिऊ नको" म्हणतात, तेच. पाणी चढलं, पण खेळाचे बूट मागेच राहिले, असं सांगतात. लक्षात आलं तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. लीने तार करून ते मागच्या गाडीने मागवले आणि पहिल्या सामन्याआधी ते पोचले.

९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सस विद्यापीठावर १२-०. कप्तान हेन्री सीबेल्स, टोपणनाव 'डिडी', याचं डोकं फुटलं; तो तसाच खेळला आणि दोन्ही टचडाउन त्यानेच केले. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सस ए अँड एम, १०-०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेन, २३-०. मग रविवार. चर्चचं कॉलेज, त्यामुळे रविवारी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. पोरं उसाचा मळा बघायला गेली. सोमवारी बॅटन रूजला एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, ३४-०. रात्रभर गाडीत, आणि मंगळवारी, १४ तारखेला, मेम्फिसला मिसिसिपी विद्यापीठावर १२-०. पुढे बायबलच्या चालीवर एक वाक्य रूढ झालं, की त्यांनी सहा दिवस पराक्रम केला आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. ऐकायला झकास आहे, पण विश्रांती झाली ती चौथ्या दिवशी.

मला विचाराल तर त्या मोसमातला सगळ्यांत अवघड दिवस या सहांपैकी नव्हताच. परतल्यावर त्यांनी कंबरलंड कॉलेजला ७१-० असं धुतलं आणि ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, माँटगोमेरीत ऑबर्नसमोर उभे राहिले. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च चषक आज ज्याच्या नावाने दिला जातो, तोच. त्याचा संघ वेगवान होता, एक चाल संपते न संपते तोच दुसरी सुरू करणारा. सामना ११-१० सुटला. सवानी एका गुणाने वाचलं, आणि हाइझमनने पंचांविरुद्ध वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. अख्ख्या मोसमात सवानीवर झालेले गुण एवढेच, हे दहा. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला त्यांनी ५-० हरवून मोसम संपवला. बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण केले, १० दिले.

पुढे ल्यूक लीने नॅशव्हिलमध्ये 'टेनेसियन' वृत्तपत्र काढलं आणि १९११ मध्ये तो सेनेटर झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, हा पठ्ठ्या काही साथीदारांना घेऊन हॉलंडमध्ये शिरला. तिथे आश्रय घेतलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायचा बेत होता. कैसर हाती लागला नाही. त्या वाड्यातली एक राखदाणी तेवढी मंडळींच्या खिशातून बाहेर आली. १९३० च्या दशकात बँकेच्या गैरव्यवहारात लीला तुरुंगही पाहावा लागला. ऑर्मंड सिम्किन्सच्या वाट्याला अशी रंगतदार कहाणी आली नाही. सवानीचा तो फुलबॅक, आक्रमणात भिंत फोडणारा. खेळातल्या जुन्या दुखापतींपायी पुढे त्याचे पाय कापावे लागले. बाहेर गेलास तर परत येता येणार नाही, या नियमाची किंमत अशीही मोजली गेली.

खेळ बदलत गेला. १९०५ मध्ये मैदानावरचे मृत्यू इतके गाजले की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कॉलेजांच्या मंडळींना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि पुढे फेकायचा पास आला. मग मोठी स्टेडियमं आली, खेळाडूंना शिष्यवृत्त्या आल्या, राज्य सरकारी विद्यापीठांचे पट हजारांनी फुगले. अकरा चिवट पोरांवर भागेनासं झालं. तरी नावाच्या पुण्याईवर १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही दक्षिणेतल्या विद्यापीठांची लीग स्थापन झाली तेव्हा सवानी संस्थापकांत होतं. त्या लीगमध्ये ते ३७ सामने खेळलं आणि ३७ च्या ३७ हरलं. १९४० मध्ये कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांनी संघ तिथून बाहेर काढला आणि पैसे देऊन खेळाडू आणणं थांबवलं. आज सवानी तिसऱ्या श्रेणीत खेळतं, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. व्हँडरबिल्ट मात्र त्या लीगमध्ये अजून आहे. त्या सहा दिवसांत हरलेल्या पाचांपैकी एलएसयू आणि मिसिसिपी पहिल्यापासून तिथेच आहेत, टुलेन १९६६ पर्यंत होतं, टेक्सस ए अँड एम २०१२ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये टेक्ससही.