खुलासा : टाके पडले ती रात्र फायनलची नव्हती

फिलिपिन्सच्या बास्केटबॉलमधली ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाते : रॉबर्ट जावोर्स्कीचा ओठ फाटला, इस्पितळात टाके घालून तो परत आला आणि हिनेब्रा या आपल्या संघाला त्याने किताब जिंकून दिला. किताबाचा भाग बाद करा, बाकी सगळं खरं.

सामना ऑक्टोबर 1985 मधला, एनएलईएक्स या संघाविरुद्धचा. कोपर लागून ओठाला नऊ टाके पडले. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत असलेला हा गडी तोंडाला पट्टी लावून परतला, पिछाडीवरचा संघ पेटला आणि जिंकला. पण ती अंतिम लढत नव्हतीच. हिनेब्राचा पहिला किताब आला 1986 मध्ये.

त्यातूनच दुसरा गैरसमज : प्रशिक्षक म्हणून तो किताबांची रास लावत गेला. प्रत्यक्षात 1986, 1988, 1991 आणि 1997. बारा-तेरा वर्षांत चारच! खेळाडू म्हणून टोयोटा या आधीच्या संघाकडून याहून कितीतरी जास्त मिळाले होते. 1990 मध्ये तर शेल संघाविरुद्धच्या अंतिम मालिकेत त्याचा संघ मैदान सोडून निघून गेला. त्याच वर्षी बीजिंग आशियाई स्पर्धेत त्याने राष्ट्रीय संघाला रौप्य मिळवून दिलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.