मुक्काम पोस्ट सुरमई, पहिला कल्ला

"कल्ले काढून टाकू ना ओ सर?"

"नको मावशी. कल्लेच द्या, वेगळ्या पिशवीत."

मावशींनी कोयता तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "मांजर पाळलाव काय?"

मांजर नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर घरात एक जुना सूक्ष्मदर्शक उरला, एवढंच. पण बाजारात मागे रांग लागलेली असताना हे समजावून सांगणं अवघड. तेव्हापासून मी मांजरवाला सर.

सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. बर्फाच्या पेट्यांतून येणारा बांगडा, सुरमई, पापलेट आपण कल्ले बघूनच घेतो. अंगठ्यानं झाकण वर करायचं, आत लालभडक असलं की ताजा, विटकरी-राखाडी असलं की पुढची पाटी. या दोन सेकंदांच्या तपासणीत एक पोटभाडेकरू मात्र नजरेतून सुटतो. काही मिलिमीटर लांब, कागदासारखा चपटा, आणि कल्ल्याला असा चिकटलेला की मासा मेला, बर्फात पडला, घाट चढून सोलापुरात आला तरी बऱ्याचदा त्याची पकड सुटलेली नसते. स्वतः मेलेला असतो, तरीही.

पहिले तीन रविवार मला काहीच सापडलं नाही. चूक माझीच. कल्ले घरी आणले की सवयीनं आधी नळाखाली खळखळून धुवायचो, म्हणजे भाडेकरू मोरीत आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. मग बशीत मिठाचं पाणी घेतलं, एकेक कमान कात्रीनं अलगद सोडवली, आणि सुरमईच्या कल्ल्यात पहिला किडा दिसला. फिकट पिवळसर अंग, आत काळपट फांद्या फुटल्यासारखी आतडी. तो काळेपणा माशाच्या रक्ताचा. हा किडा रक्त पितो, त्यातलं हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेलं लोहयुक्त काळं द्रव्य आतड्याच्या भिंतीत दिसत राहतं. सुरमईच्या कल्ल्यांत राहणाऱ्या अशा एका किड्याचं नाव प्रायसिया. बी. एस. चौहान यांनी १९४५ साली भारतीय समुद्रातल्या माशांवरच्या किड्यांचं जे वर्णन केलं, त्यातलं हे नाव. माझ्या बशीतला नेमका तोच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यासाठी किडा रंगवून, काचपट्टीवर पक्का बसवून, आकडे मोजावे लागतात.

हे सगळे मोनोजेनिया नावाच्या गटातले. शाळेत शिकलेल्या पट्टकृमी आणि यकृतकृमीचे हे चुलत भाऊ, पण संसार अगदी सुटसुटीत. यकृतकृमीला आधी गोगलगाय लागते, मग मेंढी. मोनोजेनियाला एकच मासा पुरतो. अंडं पाण्यात पडतं, अळी बाहेर येते, मासा शोधते, चिकटते, मोठी होते. मध्ये दलाल कोणी नाही. आजवर या गटातल्या काही हजार जातींची नोंद झाली आहे, आणि त्यातल्या बहुतेक एका किंवा जवळच्या नात्यातल्या दोन-चार माशांवरच राहतात. बांगड्याचा किडा पापलेटकडे फिरकत नाही.

कल्ला म्हणजे काय, हे आमच्या गावात सांगणं सोपं आहे. ज्यानं माग पाहिलाय त्यानं फणी पाहिलेली असते: एकाशेजारी एक बारीक दात, आणि मधून ताणा जातो. माशाच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला अशा चार कमानी, प्रत्येक कमानीवर दातांच्या दोन रांगा. फक्त हे दात मऊ, रक्तानं भरलेले, आणि प्रत्येक दातावर आणखी बारीक पडद्यांची दाटी. ताण्याच्या जागी पाणी. तोंडातून आत, फणीच्या दातांतून, झाकणाखालून बाहेर. परजीवीला याहून चांगली खोली कुठे मिळणार? वर झाकण, दाराशी सतत ताजं पाणी, भिंतीला तोंड लावलं की रक्त. एकच खोट: खोलीतून चोवीस तास ओढा वाहतो. बांगडा तर तोंड उघडं ठेवूनच पोहतो. पकड एकदा सुटली की खेळ संपला.

म्हणून या किड्याचं सगळं कसब मागच्या टोकाला. डोकं लहान, साधं. मागे मात्र लोहाराचं दुकान. काहींना मोठे नांगरासारखे आकडे आणि कडेनं बारीक आकड्यांची झालर. हे बहुतेक वरची त्वचा आणि चिकट स्राव खाऊन जगतात. रक्त पिणाऱ्यांना चिमटे असतात, अगदी वाळत घातलेल्या कपड्यांचे असतात तसे, कधी आठ, कधी कितीतरी जास्त. चिमटा कल्ल्याच्या बारीक पडद्यावर मिटतो. मागचं टोक पाण्याच्या धारेच्या वरच्या अंगाला रोवलेलं आणि तोंड खाली, वाऱ्यातल्या झेंड्यासारखं. आपण उलट कल्पना केली असती, तोंडानं धरून शेपूट लोंबत असेल अशी. मला तरी तसंच वाटलं होतं.

चिमट्यांबद्दल थोडं जास्त सांगायलाच हवं, कारण मी या किड्यांच्या प्रेमात पडलो तो इथे. काही जातींत चिमटे अंगाच्या एकाच बाजूला असतात. जन्मजात व्यंग वाटावं असं वाकडं ध्यान. ब्रिटनमधल्या जॅक लुएलिन यांनी १९५०च्या दशकात माशांचे कल्ले उलगडून कोणता किडा कुठे, कोणत्या तोंडानं बसलाय ते बारकाईनं नोंदवलं, तेव्हा या वाकडेपणाचा धारेशी संबंध उलगडला. दातांमध्ये आडवं बसायचं तर एक कूस धारेच्या तोंडाला येते, दुसरी आडोशाला. किडा कल्ल्याच्या कोणत्या अंगाला बसला त्यावरून त्याची उजवी-डावी ठरते. बसलेल्या जागेनं अंगाचा साचा बदलायचा, हे मागावर पाठीला बाक आलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही.

लुएलिन यांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती. तिकडे व्हायटिंग नावाचा मासा आहे. त्याच्यावरचा डिक्लिडोफोरा नावाचा किडा जवळजवळ नेहमी पहिल्याच कमानीवर सापडतो. कमानी आठ, जागा भरपूर, पण हा पहिलीच धरून. आपल्याकडे पत्ता सांगताना आधी पेठ, मग गल्ली, मग कोणाच्या घरामागे असं सांगतात. या किड्यांचाही तसाच असतो. अमुक मासा, अमुक कमान, दाताचं टोक की बूड.

इतकं कोपऱ्यात का राहायचं? शेजाऱ्याशी भांडण टाळायला, असं पटकन वाटतं. ऑस्ट्रेलियात काम केलेले क्लाउस रोहडे यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कल्ल्यांत रिकाम्या जागा पैशाला पासरी असतात, भांडायला शेजारीच नसतो. अडचण उलटी आहे: एका माशावर आपल्या जातीचे दोन-चारच. सगळे विखुरले तर गाठ कधी पडणार? ठरलेल्या कोपऱ्यात राहिलं तर जोडीदार भेटतो. हे किडे उभयलिंगी असतात, तरी बहुतेकांना जोडीदार लागतोच. मला हे स्पष्टीकरण आवडतं, अर्थात सगळ्या जातींना ते लागू पडेल असं नाही. जोडीचा कळस पाहायचा तर गोड्या पाण्यातला डिप्लोझून, १८३२ साली नॉर्डमान यांनी वर्णन केलेला. दोन पिल्लं भेटतात, एकमेकांना धरतात आणि अंगाला अंग कायमचं जुळून एक फुली तयार होते. भेट झाली नाही तर वयात येणंच नाही.

पण मुळात एवढ्या समुद्रात अळी मासा गाठते कशी? तिच्या अंगावर बारीक लव, बहुतेकींना चार डोळ्यांचे ठिपके, आणि हातात तास मोजके. ग्रॅहम कर्न यांनी लेप माशावरच्या एन्टोब्डेला या त्वचेवरच्या किड्याचा अभ्यास केला. लेप रात्री हिंडतो आणि दिवसा वाळूत अंग पुरून पडतो. त्या किड्याची अंडी उजाडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत फुटतात, म्हणजे मासा झोपायला आला की दाराशी अळी हजर. वसुलीवाल्याला कर्जदार घरी कधी असतो हे पक्कं ठाऊक असावं, तसं.

उघड्या समुद्रात किडे थोडे आणि मासा धडधाकट, त्यामुळे दोघांचं निभतं. गर्दी झाली की चित्र पालटतं. समुद्रातल्या पिंजऱ्यांत मासे पाळतात तिथे मध्ये दलाल नसणं हाच किड्याचा फायदा ठरतो: अंड्यांचे लांब धागे जाळ्यात गुंततात, अळ्या तिथेच फुटतात आणि मासा हाताशीच. रक्त पिणाऱ्यांनी मासे पांढरेफटक पडतात. त्वचेवरच्या किड्यांवर एक उपाय मला गमतीचा वाटतो, तो म्हणजे गोडं पाणी. मासा काही मिनिटं गोड्या पाण्यात ठेवला की किडा पाणी शोषून पांढरा पडतो आणि गळतो. माझी नळाखालची चूक तिकडे औषध म्हणून चालते.

भाडेकरू नव्या गावी गेला तर काय होतं, ते अरल समुद्रानं दाखवलं. १९३०च्या दशकात कॅस्पियनमधले स्टर्जन मासे अरलमध्ये आणून सोडले. त्यांच्या कल्ल्यांत निट्झशिया नावाचा किडा होता. कॅस्पियनच्या स्टर्जनला त्याची सवय होती. अरलमधल्या त्यांच्या भाऊबंदाची आणि त्याची गाठ कधी पडलेली नव्हती. १९३६ साली ते स्थानिक स्टर्जन ढिगानं मेले. अरल आटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मावशींना हे सगळं सांगितल्यावर त्यांचं म्हणणं एकच होतं, गिऱ्हाइकाला सांगू नका म्हणजे झालं. सांगायला हरकत नाही. कल्ल्यातला हा किडा माणसाच्या अंगावर जगत नाही, आणि कल्ले आपण टाकूनच देतो.

गेल्या महिन्यात त्यांनी मला न मागता दुसरीच पिशवी दिली. "हे चिलापीचे. पहाटं उजनीतनं आलेत, वळवळत होते." चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. तिच्या कल्ल्यांत राहणारा सिक्लिडोगायरस हा आफ्रिकी किडाही तिच्या मागोमाग भारतात पोचलाय. या वेळी मिठाचं पाणी नको होतं. बशीत उजनीचंच पाणी, वर दिव्याचा प्रकाश. अर्ध्या मिलिमीटरचा एक धागा, टोकाशी चार काळे ठिपके. मी सुई पुढे नेली तसा तो आखडला, मग ताणला, डोकं इकडेतिकडे फिरवून चाचपलं आणि पुन्हा होता तिथेच बसला. इतक्या रविवारांत हलताना पाहिलेला पहिलाच.