न्याय्य डाव आणि अपेक्षित मूल्य

नशिबाचा जो खेळ कितीही वेळा खेळला तरी सरासरीने कोणत्याच बाजूला झुकत नाही, त्याला गणितात न्याय्य खेळ म्हणतात. तो पारखण्याचे आणि रचण्याचे साधन म्हणजे अपेक्षित मूल्य. प्रत्येक निकालाच्या संभाव्यतेने त्यातला नफा किंवा तोटा (तोटा वजा धरून) गुणायचा आणि सगळे गुणाकार मिळवायचे. बेरीज शून्य आली तर डाव न्याय्य. ही कल्पना पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या 1654 मधल्या पत्रव्यवहारातून उभी राहिली, 1657 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी ती पुस्तकात मांडली. मराठवाड्यात फासे मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहेत : वेरूळच्या 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले दिसतात.

सहा चित्रांचा पट आणि तीच चित्रे असलेले तीन फासे घेऊ. एका चित्रावर 10 रुपये लावायचे. ते एका फाशावर आले तर 10, दोनांवर 20, तिन्हींवर 30 रुपये नफा. एकावरही आले नाही तर लावलेले 10 गेले. चित्रे सहा, फासे तीन, म्हणजे निम्म्या वेळा जिंकू, असे खेळणाऱ्याला वाटते. फसगत इथेच होते. फाशांच्या 216 शक्यतांपैकी 125 मध्ये आपले चित्र येतच नाही. 75 मध्ये एकदा, 15 मध्ये दोनदा आणि फक्त एकीत तिनदा येते. 216 डावांमागे मिळकत 750 + 300 + 30 = 1,080 रुपये, तर नुकसान 1,250. म्हणजे दर डावाला सरासरी 79 पैसे पट मांडणाऱ्याकडे जातात, आणि त्यासाठी त्याला फाशात काहीही खोट करावी लागत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. तिन्ही फासे जुळले तर 30 ऐवजी 200 रुपये द्यायचे; 750 + 300 + 200 = 1,250, हिशेब तंतोतंत जुळतो. वर्गात हा खेळ मांडायचा तर रुपयांच्या जागी चिंचोके घ्यावेत. पैसे लावून असे डाव खेळणे राज्याच्या जुगार प्रतिबंध कायद्याला धरून नाही.

न्याय्य डावाला समान बाजूंचे साधन लागतेच असे नाही, आणि शिकवताना हा भाग सहसा निसटतो. तुळजापूरच्या बाजारात मिळणारी कवडी घ्या. ती उताणी पडेल की पालथी, हे तिच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून निम्मे-निम्मे धरणे चूक. आधी फेकून मोजावे लागते. समजा 200 फेकींत ती 120 वेळा उताणी पडली. मग पालथीवर लावणाऱ्याला हरल्यास 10 चिंचोके गमवावे लागत असतील, तर जिंकल्यास 15 मिळाले पाहिजेत : 0.4 × 15 = 0.6 × 10. अर्थात 200 फेकींच्या अंदाजात तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा फेकी जितक्या जास्त तितके बरे.

अपेक्षित मूल्य शून्य असले तरी दोघांची जोखीम सारखी नसते. बरोबरीच्या संधीचा, 10 रुपयांचा डाव एकाजवळ 100 आणि दुसऱ्याजवळ 9,900 रुपये असताना कोणीतरी कफल्लक होईपर्यंत चालला, तर 100 वाला 99 टक्के वेळा रिकाम्या हाताने उठतो.