ॲक्सोलॉटल रुसत नाही, त्याला उष्णता बाधते

"खात नाही? कंटाळला असेल, दुसरं काही देऊन बघा." ॲक्सोलॉटल पाळणाऱ्यांत हा सल्ला आपल्याकडं वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चूक आहे. ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर; मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तलावाच्या थंड पाण्यातला जीव. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. २४ च्या वर तो ढासळू लागतो. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकीचं काय होत असेल? आधी थर्मामीटर बुडवा. माझ्याकडच्यानं गांडूळ तोंडात घेऊन थुंकून टाकलं. कल्ले पुढं वळलेले, शेपटीचं टोक मुडपलेलं. पाणी २९ अंश होतं! बर्फाच्या बंद बाटल्या आलटूनपालटून सोडा, पंखा लावा, पण पाण्याचं तापमान हळूहळूच उतरवा. मग पाण्यातला अमोनिया (विष्ठेतून साठणारं विषारी द्रव्य) तपासा, तो शून्यच हवा. तळाला बारीक खडे असतील तर काढा, गिळले की पोट अडतं.