डोंगरासाठी दुर्बीण निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, जास्तीत जास्त पॉवरची कुठली आहे?" आमचं उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, म्हणून ते इथे नीट समजावून सांगतो. डोंगरात हातात धरून बघायचं असेल तर ८ पॉवर बहुतेकांना पुरते. १० ही वरची हद्द समजा. त्यापुढची दुर्बीण ट्रायपॉडशिवाय घेऊ नका, मग ती कितीही स्वस्तात मिळत असो.

कॅटलॉगमधली ‘शिकारीची दुर्बीण’

परदेशी कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये डोंगरातल्या शिकारीसाठी म्हणून दुर्बिणींचा वेगळा गट असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं आम्हाला मनापासून वाटतं. तरीही या गटातल्या दुर्बिणी आम्ही आवर्जून दाखवतो. आल्प्समध्ये शॅमॉय आणि आयबेक्स हे शेळीच्या कुळातले प्राणी, रॉकी पर्वतात एल्क हरणं आणि बिगहॉर्न मेंढ्या शोधणाऱ्या माणसाला पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे उजेड कमी असतानाच बघायचं असतं. दुर्बीण पावसात भिजते, खडकावर आपटते, दिवसभर गळ्यात असते. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं बघणाऱ्याची किंवा साल्हेरच्या माचीवरून पलीकडची धार न्याहाळणाऱ्याची गरज याहून फार वेगळी नाही.

मात्र त्यांची निवड जशीच्या तशी उचलू नका. अमेरिकेच्या पश्चिम भागातले शिकारी गळ्यात १०×४२ (म्हणजे १० पॉवर आणि ४२ मिलिमीटरचं पुढचं भिंग) ठेवतात आणि पुष्कळ जण सोबत १५×५६ ट्रायपॉडवर लावतात, कारण समोरची दरी मैलोन्‌मैल उघडी असते आणि ते तासन्‌तास एका जागी बसतात. मध्य युरोपात मचाणावर बसून संधिप्रकाशात बघायला ८×५६ वापरतात. ती किलोभराच्या आसपास किंवा त्याहून जड असते, पण मचाणावर ती घेऊन चालायचं नसतं. आपल्याकडे चढ अंगावर येतो, वाटेत कारवी आणि करवंदाच्या जाळ्या असतात आणि आपला डोंगर काळ्या बेसॉल्टचा आहे. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर कातळ तापला की त्यावरची हवा थरथरू लागते. दुर्बीण पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करते. अशा वेळी १२ किंवा १५ पॉवरने जास्त बारकावे दिसत नाहीत, पाण्याखालून बघितल्यासारखं हलतं चित्र दिसतं. हरिहरच्या पायथ्याशी एप्रिलच्या दुपारी ८ ची आणि १२ ची दुर्बीण शेजारी शेजारी धरून बघा, लगेच पटेल.

दोन आकडे आणि त्यातून निघणारा तिसरा

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार. दरीपलीकडे ८०० मीटरवरचा कडा ८ पॉवरमधून १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो, १० मधून ८० मीटरवर. फरक आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तो प्रकाश किती आत येणार ते ठरवतो.

खरा उपयोगी आकडा डब्यावर सहसा छापलेला नसतो. ४२ ला ८ ने भागा: ५.२५ मिलिमीटर. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारी प्रकाशाची टिकली एवढी मोठी असते. १०×४२ ची टिकली ४.२ मिलिमीटर, ८×३२ ची ४, खिशातल्या १०×२५ ची फक्त २.५. आपल्या डोळ्यातली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, तेव्हा या सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. म्हणूनच भर दुपारी दुकानात बघून दुर्बीण निवडली की फसगत होते. अंधार पडताना तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. पन्नाशीनंतर ती साधारण पाच किंवा त्याहून कमी उघडते. त्यामुळे साठीच्या काकांना ७×५० ची सात मिलिमीटरची टिकली पूर्ण वापरताच येत नाही, त्यांनी ते वजन विनाकारण का वागवावं? त्यांच्यासाठी ८×४२ अगदी बरोबर बसते. आणि २.५ च्या टिकलीची खिशातली दुर्बीण सूर्य कलला की कुणाच्याही हातात मंद पडते.

एका वेळी किती रुंद भाग दिसतो, हेही बघा. ते कधी अंशात छापतात, कधी १००० मीटरवरच्या मीटरमध्ये. एक अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण साडेसतरा मीटर. चांगल्या ८×४२ मध्ये १२५ ते १४० मीटर रुंदी मिळते, १०×४२ मध्ये बहुधा १०५ ते १२० च्या आसपास. घिरट्या घालणारं गिधाड आभाळात पकडायचं असेल तर ही जादा रुंदी दोन पॉवरपेक्षा मोलाची आहे. नवख्या माणसाला १० मधून पक्षी सापडेपर्यंत तो कड्याआड गेलेला असतो.

हात किती स्थिर राहतो

दुर्बीण हाताचं थरथरणंही तेवढ्याच पटीने मोठं करते. १२ पॉवरमध्ये ते ८ च्या दीडपट दिसतं. चढून दम लागलेला असताना, वर वारा सुटलेला असताना हे फार जाणवतं. गड चढून गेल्यावर आधी बसा, श्वास खाली येऊ द्या. पाठ दगडाला टेकवा, गुडघे वर घ्या आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवा. उभं राहूनच बघायचं असेल तर कोपरं छातीला चिकटवा आणि दोन्ही हातांची तर्जनी टोपीच्या पुढच्या कडेवर टेकवा. एवढ्याने जो फरक पडतो, तो काही हजार रुपये जास्त घालूनही पडत नाही.

हात मुळातच कापत असतील तर बॅटरीवर चालणारी, चित्र स्थिर ठेवणारी दुर्बीण मिळते. कॅनन अशा दुर्बिणी बऱ्याच वर्षांपासून बनवते. किंमत जास्त आणि सोबत बॅटरी सांभाळावी लागते, पण वयस्कर ग्राहकांना आम्ही ती एकदा तरी हातात देतोच. ती सुरू केल्यावर त्यांचा चेहरा खुलतो, हे बघण्यासारखं असतं.

आतली काच

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन ८×४२ च्या किमतीत चार-पाचपट फरक का असतो, असं अनेक जण विचारतात. तो पैसा आतल्या काचेत आणि तिच्यावरच्या लेपात जातो. दुर्बिणीतलं चित्र मुळात उलटं असतं, ते प्रिझम सुलटं करतं. त्याचे मुख्य प्रकार दोन. खांद्याला फुगीर असलेल्या जुन्या घाटाच्या दुर्बिणीत पोरो प्रिझम असतं. इग्नात्सिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सरळ नळीच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतं. कमी पैशांत चांगलं चित्र हवं असेल तर पोरो आजही सरस आहे, आणि बजेट कमी असणाऱ्यांना आम्ही तीच सुचवतो. फक्त ती आकाराने मोठी असते आणि पावसापासून सांभाळावी लागते. रूफ प्रिझम आटोपशीर, पण ते नीट बनवणं खर्चिक आहे. त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग होऊन चित्राचा रेखीवपणा थोडा कमी होतो. तो परत मिळवणारा फेज कोटिंग नावाचा लेप झाइसने १९८८ मध्ये आणला. रूफ प्रिझमची दुर्बीण घेताना ‘फेज कोटेड’ आणि ‘फुली मल्टिकोटेड’ (म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप) हे दोन्ही शब्द माहितीत आहेत का, ते बघा. नुसतं ‘कोटेड’ लिहिलेलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर लेप असू शकतो.

ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेने गडद वस्तूच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी होते. उजळ आभाळासमोरचा काळा पक्षी बघताना ती किनार फार खुपते. जमत असेल तर ईडी घ्याच. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांच्या वरच्या दुर्बिणी लाखांत जातात. त्या उत्तम आहेत यात वाद नाही, पण पहिली दुर्बीण म्हणून आम्ही त्या कुणाच्या गळ्यात मारत नाही.

फूटपाथवरची ३०×६०

जत्रेत, हायवेच्या टपरीवर आणि ऑनलाइनही ‘३०×६०’, ‘१००×१८०’ अशा आकड्यांच्या, लाल चकाकत्या भिंगांच्या छोट्या दुर्बिणी मिळतात. पट्टी घेऊन पुढचं भिंग मोजा. ६० मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि पट्टीवर जेमतेम पंचवीस-तीस भरतं. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखा, डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची टिकली दिसेल, ती मोजा. भिंगाच्या व्यासाला टिकलीने भागलं की खरी पॉवर कळते. लाल लेप लाल रंग परतवून लावतो, त्यामुळे आतलं चित्र हिरवट-निळसर दिसतं. ‘नाइट व्हिजन’ असं छापलेलं असलं तरी साधी दुर्बीण अंधारात बघू शकत नाही. निफाड, सिन्नरकडचे शेतकरी बंधू उसातल्या बिबट्यासाठी अशी दुर्बीण मागायला येतात. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: दिवेलागणीपर्यंत ८×४२ चांगली साथ देईल, मिट्ट काळोखात कुठलीच साधी दुर्बीण उपयोगाची नाही.

आमच्याकडे, किंवा कुठेही, घेण्याआधी

चष्मा असेल तर तो घालूनच बघा. त्यासाठी आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १५, शक्यतो १६ ते १८ मिलिमीटर हवा. परवा एक ताई नाराज होत्या, सगळं एका छोट्या गोलातच दिसतंय म्हणून. डोळ्याकडचे रबरी कप फिरवून खाली बसवले आणि दुसऱ्याच क्षणी पूर्ण चित्र उघडलं. चष्मा असेल तर कप खाली, नसेल तर वर.

मग दोन्ही डोळे जुळवा. आधी दोन नळ्या दुमडून दोन गोलांचा एक गोल करा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने समोरच्या दुकानाची पाटी डाव्या डोळ्याला स्वच्छ करा. आता डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजवीकडची डायॉप्टरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. काही दुर्बिणींत ही कडी मधल्या चाकापाशी असते. तिचा आकडा लक्षात ठेवा, पुढे फक्त चाक फिरवायचं. कित्येकांनी वर्षानुवर्षं ही कडी लावलेलीच नसते आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात पडते.

शेवटी समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नजर लावून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. कठड्याची रेघ दोन ठिकाणी तुटून वरखाली दिसली तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण घेऊ नका, आम्ही दाखवली तरी घेऊ नका.

डोंगरात बघायची रीत

शिकाऱ्यांकडून घ्यावी अशी खरी गोष्ट ही आहे. ते चालत चालत बघत नाहीत. एका जागी बसतात, समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडतात आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे, सावकाश, थांबत थांबत बघतात. आख्खा प्राणी शोधत नाहीत, आडवी पाठ, कान, हललेली सावली शोधतात. अंजनेरीच्या कड्यावर हेच करा. आधी कपारींखालचे पांढरे ओघळ शोधा, ती विष्ठा असते आणि गिधाडं तिथेच वर बसलेली असतात. उडताना पंखांखाली आणि पाठीच्या मागच्या बाजूला पांढरं दिसलं तर पांढऱ्या पाठीचं, नाहीतर बहुधा लांब चोचीचं. लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यात कड्यांवर घरटी करतात, तेव्हा जवळ जाऊ नका. लांबून बघता यावं म्हणूनच तर दुर्बीण आहे.

नांदूर मधमेश्वरची गोष्ट निराळी. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा. तिथे पाणी दूरवर पसरलेलं, मनोऱ्यावर टेकायला कठडा, हिवाळ्याच्या सकाळी हवा शांत. तिथे १०×४२ खुशाल वापरा, ट्रायपॉड असेल तर त्याहून मोठंही चालेल.

कळसूबाईवर सूर्योदय बघताना दुर्बीण सूर्यावर कधीही रोखू नका. क्षणभरही नाही. डोळा कायमचा जातो. लहान मुलांच्या हातात दुर्बीण देताना त्यांची पाठ उन्हाकडे करून मगच द्या.

पावसाळा

वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुकट होत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्याने दुसरी घेऊच नये. बुरशी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. भिजलेली दुर्बीण चामड्याच्या किंवा रेग्झिनच्या केसमध्ये बंद करून ठेवली की भिंगावर जाळीसारखी बुरशी धरते आणि लेप खाते. आधी सावलीत पूर्ण सुकवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या अधूनमधून बदला. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवा, मग मायक्रोफायबर कापड फिरवा. शर्टाचं टोक किंवा ओढणी वापरू नका, डोंगरातली धूळ म्हणजे बारीक दगडच असतो. स्क्रू उघडून आत हात घालू नका.

गळ्यातल्या बारीक पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा छातीचा पट्टा घ्या. सातशे ग्रॅमची दुर्बीण मानेवर टांगून शिडीची वाट चढताना ती पुढे झोके घेते आणि खडकावर आपटते. वजन फारच जड वाटत असेल तर पाचशे ग्रॅमच्या आसपासची ८×३२ घ्या, उजेड थोडा कमी पण सोबत नक्की जाते.

दुर्बीण बघायला शक्यतो संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास या. गच्चीवर नेऊन दोन-तीन दुर्बिणी एकापाठोपाठ एक हातात देऊ, पांडवलेणीच्या डोंगराची कड कुठल्या दुर्बिणीतून सर्वात उशिरापर्यंत स्पष्ट दिसते ते तुम्हीच बघा. घाई नको, चष्मा विसरू नका, आणि घरची जुनी दुर्बीण असेल तर तीही घेऊन या.