वडिलोपार्जित घर (सोलापूर)

वडिलोपार्जित घर : वाडवडिलांकडून वारशाने आलेले राहते घर. सोलापुरात हा शब्द बोलण्यात सैल वापरला जातो. वडिलांनी गिरणीतल्या फंडाच्या पैशांतून घेतलेल्या दोन खोल्यांनाही मुले 'वडिलोपार्जित' म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र त्या वडिलांच्या स्वकष्टार्जित. विकायला, बक्षीस द्यायला किंवा मृत्युपत्राने एकाच मुलीला ठेवायला त्यांना कोणाची संमती लागत नाही. तसाच घोळ 'नावावर आहे' या शब्दांचा. माणूस जातो त्या क्षणी मालकी वारसांकडे येते, कागदावरचे नाव मात्र पन्नास वर्षे जागचे हलत नाही. घरावरून होणारी बरीच भांडणे या दोन घोळांतूनच उभी राहतात.

शहर ज्या थरांनी वाढले ते थर कागदपत्रांतही दिसतात. कसबा, शुक्रवार पेठ, बाळीवेस या जुन्या भागात माळवदाचे वाडे आहेत : दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे धाबे, मधे चौक, परसात आड. त्यांची जुनी खरेदीखते मोडीत असतात, आणि वकील गाठण्याआधी मोडी वाचणारा गाठावा लागतो. पूर्व भागात तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांची घरे आहेत; खाली माग, वर बिऱ्हाड. गिरण्यांबरोबर चाळी आल्या. १९९२ च्या हद्दवाढीने आजूबाजूची गावे महापालिकेत आली आणि त्यांच्या शेतांत पडलेले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉटही शहराचे झाले.

कागद आणि हक्क

जुन्या पेठांतल्या घराचा मुख्य कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, लोकांच्या तोंडी 'प्रॉपर्टी कार्ड' किंवा नुसताच 'उतारा'. वरच्या भागात सिटी सर्व्हे नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, सत्ताप्रकार आणि 'हक्काचा मूळ धारक'. खाली तक्ता : दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. जुन्या घराचे कार्ड पाहावे तर मूळ धारकाच्या जागी पणजोबा, खाली कधीतरी पडलेली 'वारसाने' ही एकच ओळ आणि तिच्यापुढे थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव. कधी त्या नावाआधी 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे असतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरे धाकट्या भावांच्या नातवंडांना फार उपयोगी पडतात, कारण थोरल्याचे नाव मालक म्हणून लागले नव्हते, सगळ्यांच्या वतीने लागले होते, हे ती दाखवतात. अक्षरे नसली म्हणून हक्क बुडत नाही, पण मग तो साक्षीपुराव्याने उभा करावा लागतो.

महसुली नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने मालकी निर्माण होत नाही. महापालिकेच्या घरपट्टीच्या पावतीने तर नाहीच. 'वीस वर्षे पट्टी मी भरतो' हे वाक्य दिवाणी न्यायालयात रोज ऐकू येते. त्याचा उपयोग फार तर खर्चाचा हिशेब मागण्यापुरता. 'बारा वर्षे राहिलो की घर आपले' ही समजूतही भावाभावांत चालत नाही. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचाच कब्जा धरला जातो. त्याने इतरांचा हक्क उघडपणे नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षे गेली, असे सिद्ध झाले तरच प्रश्न वेगळा.

मिताक्षरा आणि वाटणीचा हिशेब

हिंदू कुटुंबाच्या वाटणीचा पाया असलेली मिताक्षरा ही टीका (म्हणजे भाष्य) सोलापूरला घरची म्हणावी अशी आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ती लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात. आणि कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, इथून पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर. मुलगा जन्मताच वाडवडिलांच्या मिळकतीत भागीदार होतो हे तिचे मुख्य सूत्र. बंगालच्या दायभागात बाप जिवंत असेतो मुलाला काहीच नाही.

या सूत्राचे अंकगणित १९७८ च्या मगदूम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लावून दाखवले. वडील १९६० मध्ये गेले; मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. न्यायालयाने आधी वडील गेले त्या क्षणी वाटणी झाली असे मानले. मुंबई इलाख्याच्या प्रथेप्रमाणे बाप आणि मुलगे वाटणी करताना बायकोलाही हिस्सा मिळतो, म्हणून चार वाटे, प्रत्येकी १/४. मग वडिलांचा १/४ सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. शेवटी आई ७/२४, प्रत्येक मुलगा ७/२४ आणि प्रत्येक मुलगी १/२४. हेच कुटुंब आजच्या कायद्याने मोजले तर मुलीही जन्मतः भागीदार, म्हणून आधी सात वाटे, मग वडिलांचा सातवा हिस्सा सहांत. बेरीज करता आईसह प्रत्येकाला सरळ १/६. एका मुलीचा वाटा चौपट झाला.

हा बदल एका दिवसात झाला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद (म्हणजे जन्मतः भागीदार) केले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील जिवंत असावे लागतात का, यावर पंधरा वर्षे वाद चालला. २०१५ च्या निकालात असावे लागतात असे ठरले होते. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी गरज नाही असे ठरले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. इथेच 'आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती' असा बचाव सुरू होतो. तोंडी वाटणी न्यायालय सहसा मान्य करत नाही; त्या काळातल्या सरकारी कागदांचा भक्कम आधार असला तरच अपवाद. राहत्या घरात भाऊ वाटणी मागेपर्यंत बहिणीने मागायची नाही, असे सांगणारे जुने कलम २३ सुद्धा २००५ लाच रद्द झाले, पण पेठांमधल्या बोलण्यातून ते अजून गेलेले नाही.

या हिशेबाची पूर्वअट अशी की घर खरोखर सहदायादांचे असावे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्यानंतर आजोबा गेले आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचे होते, तर ते वडिलांकडे कलम ८ प्रमाणे व्यक्तिगत मालमत्ता म्हणून आले. नातवाचा त्यात जन्मसिद्ध हक्क नाही. १९८६ च्या चंदर सेन निवाड्यापासून हे पक्के आहे. म्हणजे 'आजोबांचे घर आहे, बाबा विकूच शकत नाहीत' हे नातवाचे म्हणणे बहुतेक वेळा टिकत नाही. त्या उलट, वारस मोजताना एक माणूस हमखास राहून जाते : गेलेल्याची आई. मुलगा तिच्याआधी गेला तर सून आणि नातवंडांच्या बरोबरीचा एक वाटा तिचा असतो, आणि ती गेल्यावर तो तिच्या सगळ्या मुला-मुलींकडे जातो. सोलापुरात मोठा असलेला वीरशैव-लिंगायत समाज या कायद्यात नाव घेऊन समाविष्ट आहे; जैन आणि बौद्धही.

मुस्लिम कुटुंबांत वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेदच नाही. जन्माने हक्क मिळत नाही, मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट, मुले असतील तर विधवेला १/८, आणि मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. कब्जा देऊन केलेला तोंडी हिबा, म्हणजे बक्षीस, चालतो, आणि तो खरेच झाला का, यावरच बहुतेक दावे लढले जातात.

बहिणीची सही

शहरातली एक पिढी पुण्याला, हैदराबादला गेली. घराला कुलूप, किल्ली शेजारी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला भाऊबंद जमतात, संक्रांतीचे जेवण होते, आणि दुपारी कोणीतरी पिशवीतून कागद काढतो : 'ताई, इथं फक्त सही कर.' तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. लग्नात दिलेले सोने म्हणजेच तिचा वाटा, हा युक्तिवाद कायद्यात नाही. साडीचोळीवर बोळवण करण्याचे ते जुने निमित्त आहे. सही स्वखुशीने केली तर हक्क खरोखर सुटतो, पण त्यासाठी दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदलेला लागतो. नोटरीपुढे साध्या स्टॅम्पवर केलेली हक्कसोड स्थावरापुरती कोऱ्या कागदासारखीच आहे, आणि तिच्या जोरावर घर विकायला निघालेल्या भावाला खरेदीदाराचा वकील पहिल्या भेटीत परत पाठवतो. हक्कसोड कोणाच्या लाभात, हेही दस्तात स्पष्ट हवे. दोन भाऊ असताना नाव एकाचेच पडले, तर दुसऱ्याला 'आम्हा दोघांसाठीच होते' म्हणून सुटता येत नाही.

बाईच्या नावावरचे घर वेगळ्या वाटेने जाते. विडी कामगार महिलांसाठी शहराजवळच्या कुंभारीला उभ्या राहिलेल्या घरकुलांमुळे हा प्रश्न सोलापुरात पुस्तकी राहिलेला नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिचे घर मुलगे, मुली आणि नवरा यांना समान. मूलबाळ नसेल तर मात्र आईवडिलांकडून वारशाने आलेले घर वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि तिने स्वतः विड्या वळून घेतलेले घर नवऱ्याकडे, तोही हयात नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे. ज्या दिराने कधी विचारपूस केली नाही त्याच्याकडे असे घर गेल्याची उदाहरणे आहेत. कायदा इथे उघडच अन्यायाचा आहे. त्यावर उपाय एकच : मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक. मुंबईतल्या मृत्युपत्रांना जी प्रोबेटची (न्यायालयाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेण्याची) सक्ती असे ती सोलापूरला कधीच नव्हती, तरी बँकांच्या फलकांवरून वाचून लोक प्रोबेटच्या मागे धावतात. वारस कोण याचा दाखला न्यायालयातून मिळतो तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली. १९२५ च्या कायद्यातला उत्तराधिकार दाखला फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतो, घरासाठी नाही.

प्रत्यक्ष वाटप

दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि हिस्से ठरतात, मग कोर्ट कमिशनर मोजणी करून सरस-निरस मानाने वाटप सुचवतो. रस्त्याकडची खोली सरस, बोळातली निरस. फरक पैशाने भरून काढायचा. चौक, जिना, आड, जाण्यायेण्याची बोळ सामाईक ठेवतात, आणि पुढचे वीस वर्षांचे भांडण त्या बोळीत ठेवलेल्या दुचाकीवरून होते. चारशे चौरस फुटांचे सहा वाटे पडत नाहीत. तेव्हा १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे न्यायालय घर विकून पैसे वाटू शकते. हिस्सेदाराने कंटाळून आपला अविभक्त वाटा परक्याला विकला, तरी त्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन बसता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला की कुटुंबातल्या कोणाही हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो वाटा घेता येतो. स्वस्तात अर्धा वाडा गिळू पाहणाऱ्यांना हे कलम ठाऊक असते, कुटुंबाला बहुधा नसते.

पूर्व भागात घराबरोबर कारखाना असतो. यंत्रमागाच्या शेडलाच तिथे कारखाना म्हणतात. घर वडिलांचे, माग थोरल्याने कर्ज काढून घेतलेले, वीजमीटर काकांच्या नावावर, आणि मागाच्या वरकामाला सगळ्यांच्या बायका. अशा ठिकाणी भिंती कोणाच्या आणि मशिन कोणाचे हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. धंदा एकट्याचा होता हे हिशेबाच्या वह्यांनी दाखवता आले नाही तर तो एकत्र कुटुंबाचा होता, असा दावा लागलाच म्हणून समजावे.

हद्दवाढ भागातल्या वारसांची अडचण वाटणीच्या आधीची आहे : वाटायला मालकीच पक्की नसते. गुंठेवारीचा प्लॉट बहुधा साठेखतावर (पुढे खरेदी करण्याच्या नुसत्या करारावर) किंवा नोटरीच्या कागदावर घेतलेला, सात-बारा मूळ शेतकऱ्याच्या नावावर, आणि आता तोही हयात नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेता आली. नियमितीकरणाने बांधकाम वैध होते, पण शेतकऱ्याच्या वारसांकडून खरेदीखत करून घ्यायचे राहिले असेल तर ते राहतेच.

जुन्या वाड्यांत शेवटचा पक्ष भाडेकरूंचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मालकाचे वारस बदलले तरी भाडेकरू तोच राहतो, आणि तो गेल्यावर त्याच्याबरोबर राहणारे कुटुंबीय. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींच्या नोटिसा काढते. नोटीस दारावर चिकटवतात ती नोंदीतल्या नावाने, म्हणजे पुष्कळदा पणजोबांच्या. ती घ्यायला घरात फक्त भाडेकरू असतो, आणि माळवद उतरवल्यावरही त्याचा भाडेकरू म्हणून हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून ठेवले आहे.